दुखणे खोटे नसते : सिकलसेल आणि आपल्या घरातील मुले

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काही लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारा मी एक सामान्य मनुष्य. माझा रोजचा संबंध रक्ताशी नाही, लोकांच्या खात्यांशी आहे. परंतु ज्या आजाराने आमच्या कुटुंबाची कित्येक वर्षे झोप उडविली, तो विदर्भातील अनेक घरांत आजही मुकाट्याने सोसला जातो. डॉक्टरांकडून, पुस्तकांतून आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या चुकीतून जे शिकलो, ते सांगणे कर्तव्यच आहे असे वाटल्याने ही लेखणी हाती घेतली.

प्रथम चूक सांगतो. माझी थोरली बहीण भंडारा जिल्ह्यातील एका खेड्यात दिलेली. तिचा मुलगा आठ वर्षांचा असताना, २०११ च्या डिसेंबरात, आमच्याकडे नागपूरला राहायला आला. पोरगा अंगाने बारीक, डोळे किंचित पिवळसर, खेळताना लवकर दमायचा. त्याच्या शाळेत तो ‘बहानेबाज’ म्हणून प्रसिद्ध होता. पाय दुखतात म्हणून घरी राहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल मार खायचा. बहिणीने त्याला माझ्याकडे पाठविले ते मामाच्या हाताखाली थोडी शिस्त लागावी म्हणून. मी पहाटे पाचला उठवून, मैदानावर धावायला लावून, गार पाण्याने आंघोळीचा नेम सुरू केला. तिसऱ्या दिवशी पोर रडू लागले, ‘मामाजी, हाडं लय दुखून राहिले.’ मी म्हणालो, ‘नाटकं नको करू.’ त्या रात्री त्याला सडकून ताप भरला. नडग्यांना आणि पाठीला हात लावू देईना. दवाखान्यात नेले. चार दिवसांनी रक्ताचा अहवाल हाती आला : सिकलसेल, एसएस पॅटर्न.

डॉक्टरांनी विचारले, ‘याला थंडीत गार पाण्याने आंघोळ कोणी घातली?’ त्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही.

दुखण्याची दोन मुळे

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे अथवा पुन्हा पुन्हा उद्‌भवणारे जे दुखणे असते, त्यास वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. असे दुखणे म्हाताऱ्यांचे, ही आपली समजूत. लहान मुलांचे दुखणे म्हणजे वाढीचे दुखणे, दृष्ट लागणे, नाहीतर अभ्यासाचा कंटाळा! प्रत्यक्षात मुलांमध्येही दीर्घकालीन वेदना पुष्कळ आढळते, आणि तिच्यावरील उपचारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

मुलाच्या दुखण्यात त्याच्या कुटुंबाचा वाटा दोन प्रकारे असतो. एक, आई-बापांकडून रक्तातून आलेला वारसा, म्हणजे जनुके. दुसरा, घरातून मिळालेला वारसा : दुखण्याकडे घर कसे पाहते, त्याला काय नाव देते, पोराचे ऐकते की त्याला गप्प करते. सिकलसेल हा आजार असा आहे की त्यात हे दोन्ही वारसे स्पष्ट दिसतात. म्हणून या लेखात त्याचेच उदाहरण घेतले आहे.

एका अक्षराची चूक

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मऊ आणि लवचिक असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या वाकून निघून जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते, ते प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनची घडण बदललेली असते. प्राणवायू सोडून दिल्यानंतर त्याचे कण एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखे लांब होतात आणि गोल पेशी ताठर होऊन विळ्याच्या आकाराची बनते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, आणि तेथे असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात, मूल दमते.

हे सारे घडते ते किती लहान चुकीने! १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील विळ्याच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६-५७ च्या सुमारास व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकाच्या भाषेत हा केवळ एका अक्षराचा फरक. आमच्या कामातले उदाहरण द्यायचे तर, जुन्या खातेवहीत एक आकडा चुकीचा पडला आणि तोच आकडा प्रत्येक नव्या वहीत पुढे ओढत नेला, असे हे आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ज्याच्या वाट्याला वही आली, त्याचाही दोष नाही.

मग ही चूक इतकी पिढ्या टिकली कशी? याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. ज्याच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते, त्याला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे हिवताप फार, तेथे असे लोक अधिक जगले आणि जनुक टिकून राहिले. भारतात या जनुकाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागात झाली. नंतर मध्य भारतात त्याचा मोठा पट्टा आढळला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तसेच मेळघाट व नंदुरबार या भागांत, आदिवासी समाजात आणि अनुसूचित जाती, नवबौद्ध व काही इतर मागासवर्गीय समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. तेव्हा हा कोणाचा शाप नव्हे, मागील जन्माचे पाप तर मुळीच नव्हे. ही हिवतापाच्या प्रदेशात जगलेल्या आपल्या पूर्वजांच्या रक्तातील खूण आहे.

आई एकटी दोषी कशी?

भाच्याचे निदान झाल्यावर बहिणीच्या सासरी एकच वाक्य फिरू लागले : ‘हिच्या माहेरचं रक्तच खराब.’ दोन महिने ती खाली मान घालून वावरली. नंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून सर्वांच्या तपासण्या झाल्या. बहीण एएस, भाऊजीही एएस. तेव्हा कुठे ते वाक्य थांबले.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर एए, म्हणजे निरोगी. एक चांगली व एक सदोष असेल तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, औषध लागत नाही. तो आजारी नसतो. दोन्ही सदोष असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण. रुग्ण मुलाला एक सदोष प्रत आईकडून आणि दुसरी वडिलांकडून मिळालेली असते. म्हणून ‘हिच्याकडून आले’ असे म्हणणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि निरोगी असण्याची २५ टक्के. येथे एक गैरसमज फार आढळतो. ‘एक पोरगा रुग्ण झाला, आता पुढची तिघे चांगली होतील’ असे लोक समजतात. तसे नाही. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. एक वाहक व दुसरा निरोगी असेल तर मूल वाहक होऊ शकेल, परंतु एसएस होणार नाही.

आमच्या घरच्या तपासणीत मीही एएस निघालो. त्या दिवशी मला माझा धाकटा भाऊ आठवला. तो सहा वर्षांचा होऊन गेला. त्याचे हातपाय सुजायचे, हाडे दुखायची, डोळे पिवळे असायचे. आई त्याला रात्रभर मांडीवर घेऊन बसायची. ‘आपल्या घरात सगळ्यांचेच हाडं दुखतेत,’ असे आजी म्हणायची आणि विषय संपायचा. त्याचे रक्त कधी तपासलेच गेले नाही. आजीच्या त्या एका वाक्यात आमच्या घराचा रोग आणि त्यावरचे आमचे अज्ञान, दोन्ही होते.

आजार एक, दुखणे वेगवेगळे

एकाच आई-बापांची दोन एसएस मुले असली तरी एकाला वर्षातून एकदा कळा येतात आणि दुसऱ्याला दर महिन्याला. असे का? याचे काही उत्तर पुन्हा जनुकांतच आहे. गर्भातील बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि ते विळे होऊ देत नाही. म्हणून रुग्ण बाळालाही पहिले काही महिने त्रास नसतो. साधारण सहा महिन्यांनंतर ते ओसरू लागते आणि हातापायांची बोटे सुजून दुखणे, हे पहिले लक्षण दिसू शकते. काही लोकांत मात्र दुसऱ्या जनुकांच्या प्रभावाने हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते. त्यांचा त्रास सौम्य राहतो. भारतीय रुग्णांत त्याचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते, तरीही विदर्भात तीव्र वेदनेची मुले पुष्कळ आहेत. आल्फा थॅलेसेमियासारखा दुसरा वारसा सोबत असेल तरी आजाराचे रूप बदलते.

वय वाढते तसे दुखण्याचेही रूप बदलते. लहानपणी कळा येतात आणि जातात. किशोरवयात काहींना रोजचेच दुखणे जडते. खुब्याच्या हाडाला रक्त न मिळाल्याने ते झिजते, हे एक कारण. दुसरे असे की, वारंवार वेदना सोसून मज्जासंस्थाच हळवी होते आणि थोड्या कारणानेही जास्त दुखू लागते. अशा वेळी रक्ताच्या अहवालात नवे काही दिसत नाही, म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

घर दुखणे कसे घडविते

आता दुसऱ्या वारशाकडे येऊ. ज्या घरात आई किंवा वडिलांना दीर्घकाळचे दुखणे असते, त्या घरातील मुलांना तसा त्रास होण्याची शक्यता अधिक असते, असे अभ्यासांत आढळले आहे. त्यात जनुकांचा भाग आहे, तसा शिकण्याचाही आहे. मूल चालायला, बोलायला घरी शिकते, तसे दुखण्याशी कसे वागायचे हेही घरीच पाहून शिकते.

आमच्या घरी दोन्ही टोके झाली. निदानापूर्वी आम्ही पोराला खोटे ठरविले. त्यामुळे तो दुखणे लपवू लागला, आणि कळा फार वाढल्यावरच सांगू लागला. निदानानंतर बहीण दुसऱ्या टोकाला गेली. दर तासाला ‘दुखते का रे?’ म्हणून विचारायचे, शाळा बंद, खेळ बंद, बाहेर जाणे बंद. पोर घरात बसून आपल्या हाडांकडेच लक्ष देऊ लागले. दुखणे आले नाही तरी येईल या भीतीने झोपेना. डॉक्टरांनी बहिणीला सौम्य शब्दांत समजाविले : भीती वेदना वाढविते, आणि आईच्या चेहऱ्यावरची भीती मूल लगेच वाचते.

मधला मार्ग हाच. मुलाने सांगितलेले खरे मानायचे, परंतु दुखणे हाच घरातील एकमेव विषय होऊ द्यायचा नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. वेदनेवर शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा परिणाम होतो. आणि एखादी व्यक्ती मला दुखते असे सांगते, तेव्हा त्याचा मान राखला पाहिजे. लहान मूल हीदेखील व्यक्तीच आहे, हे आपण विसरतो.

घरी व दवाखान्यात काय करावे

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेल्या आणि अनुभवाने पटलेल्या गोष्टी अशा :

१. मुलाने दिवसभर भरपूर पाणी प्यावे. पाण्याची बाटली शाळेत सोबत द्यावी आणि लघवीला जाण्याची मोकळीक द्यावी, अशी शिक्षकांना विनंती करावी.

२. थंडीपासून जपावे. आंघोळ कोमट पाण्याने. दुखऱ्या जागी शेक द्यावा, बर्फ कधीही लावू नये.

३. दमछाक होईल इतके धावणे-खेळणे नको, पण हलका खेळ जरूर असावा. कळा थांबल्या की लवकर शाळेत पाठवावे.

४. कळा आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक वेळेवर द्यावे. सोबत गोष्ट, गाणे, दीर्घ श्वास, पाठीवरून हात. याने लक्ष वळते व वेदना खरोखर कमी जाणवते.

५. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, न्यूमोनियाची लस, आणि लहान वयात डॉक्टर देतील ते पेनिसिलिन चुकवू नये. रक्त कमी आहे म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत.

६. ताप १०१ अंशांवर जाणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, पोट डाव्या बाजूला फुगून मूल एकाएकी पांढरे पडणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे : यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. अंगारा-धुपारा व मांत्रिक यांत गेलेला एक तास मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते आणि कळांचे प्रमाण बऱ्याच रुग्णांत घटते, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने सिद्ध केले. ते नियमित रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. भाचा ते घेऊ लागल्यापासून त्याचे दवाखान्यात भरती होणे पुष्कळ कमी झाले. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, परंतु जुळणारा दाता व खर्च हे प्रश्न आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुकातच बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याचा खर्च आज आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे, तथापि दिशा आशेची आहे.

विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे

तपासणी सोपी आहे. सोल्युबिलिटी चाचणीत सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे ठरविण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या गावी शिबिर आले तर स्वतः जावे आणि शेजाऱ्यालाही न्यावे.

लग्न ठरविताना पत्रिका पाहण्यापेक्षा रक्ताचा अहवाल पाहावा. आपल्याकडे मामा-आत्याच्या नात्यात सोयरीक होते. एकाच कुळात वाहक असतील तर दोन सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव तेथे वाढतो. दोघे वाहक असतील तर लग्नच करू नये, असा कायदा नाही. पण निर्णय माहितीने घ्यावा. लग्न झालेच असेल तर गरोदरपणात साधारण दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, त्याचा सल्ला डॉक्टरांकडून घ्यावा. मात्र वाहक मुलीला ‘खोट असलेली’ म्हणून नाकारणे, हा रोगापेक्षा वाईट रोग आहे.

रुग्ण विद्यार्थ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. शासकीय रुग्णालयाचे ४० टक्के वा त्याहून अधिकचे प्रमाणपत्र असेल, तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के राखीव जागांचा लाभ मागता येतो. हा हक्क आहे, मागण्यास लाजू नये.

शेवटी

भाचा आज पदवीधर आहे. अजूनही हिवाळ्यात त्याला त्रास होतो. मागील वर्षी आमच्या वस्तीतील तपासणी शिबिरात तो टेबलावर नावे लिहून घेण्यास बसला होता. एक बाई आपल्या मुलाला ओढत घेऊन आली आणि म्हणाली, ‘हा रोजच पाय दुखते म्हणते जी, शाळेत जायचे बहाने करते.’ भाच्याने लिहिणे थांबवून त्या मुलाला विचारले, ‘कुठे दुखते रे, दाखव.’

बंधुभगिनींनो, २०११ च्या डिसेंबरात मी माझ्या भाच्याला हाच प्रश्न विचारायला हवा होता. रक्तातून काय द्यायचे हे आपल्या हाती नव्हते. घरातून काय द्यायचे, ते मात्र आहे. मूल दुखते म्हणाले, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि मग त्याचे रक्त तपासून घ्यावे, एवढीच विनंती करून लेख पुरा करतो.